मुकुट, अणुशक्ती आणि लोकांचा विश्वास

सौंदर्यस्पर्धेत कोणाच्या मस्तकी मुकुट चढला ह्याची चर्चा अग्रलेखाच्या स्तंभात करण्याचा प्रघात नाही आणि तो मोडण्याची हौस आम्हालाही नाही. परंतु अमेरिकेतील अशाच एका निवडीतून जो प्रश्न उभा राहिला आहे, तो आता आपल्याही दाराशी येऊन ठेपला असल्यामुळे त्याचा विचार करणे अगत्याचे झाले आहे. १५ डिसेंबर २०२२ रोजी कनेटिकट राज्यातील अंकसव्हिल येथे २०२३ ची ‘मिस अमेरिका’ म्हणून ग्रेस स्टँकी ह्यांची निवड झाली. त्या वेळी त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. व्हायोलिनवादनात त्या निपुण आहेत. परंतु त्यांचे नाव जगभर गाजले ते त्यामुळे नव्हे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील शाखेत त्या अणुअभियांत्रिकीचे शिक्षण घेत होत्या, आणि मुकुटधारिणीला वर्षभर ज्या एका लोकोपयोगी कार्याचा पुरस्कार करावा लागतो त्यासाठी त्यांनी स्वच्छ ऊर्जेचा, त्यातही अणुविजेचा, विषय निवडला होता. पुढील वर्ष त्यांनी गावोगाव हिंडून, शाळकरी मुलांपासून लोकप्रतिनिधींपर्यंत सर्वांपुढे अणुशक्तीची बाजू मांडण्यात घालविले.

ह्या घटनेचे स्वागत दोन प्रकारे झाले. एका पक्षाला ही निव्वळ थट्टा वाटली. रेशमी पट्टा खांद्यावर घेऊन रंगमंचावर मिरवणाऱ्या मुलीने अणुभट्टीविषयी काय बोलावे, असा त्यांचा सूर होता. दुसऱ्या पक्षाला, विशेषतः अणुउद्योगातील मंडळींना, हर्षवायूच व्हायचा बाकी राहिला. गेली चार दशके ज्या उद्योगाचे नाव काढले की लोकांना भीतीच आठवे, त्याला अखेर एक प्रसन्न चेहरा लाभला असे त्यांना वाटले. आमच्या मते ह्या दोन्ही प्रतिक्रिया सारख्याच उथळ आहेत. पहिली तरुण विदुषीवर अन्याय करते, दुसरी लोकांवर. ह्यांपैकी दुसरा अन्याय अधिक दूरगामी असल्यामुळे त्याचा विचार अधिक विस्ताराने केला पाहिजे.

प्रथम थट्टेखोरांविषयी. ‘मिस अमेरिका’ ही संस्था जन्मली तीच मुळी जाहिरातीच्या पोटी. अटलांटिक सिटी ह्या समुद्रकाठच्या गावी उन्हाळा सरला की पर्यटक परतू लागत. त्यांचा मुक्काम आणखी काही दिवस लांबावा म्हणून तेथील व्यापाऱ्यांनी १९२१ मध्ये हा देखावा योजला. तेव्हा स्त्रीच्या देहाचे प्रदर्शन मांडून हॉटेलांच्या खोल्या भरणे हाच त्याचा हेतू होता, आणि १९६८ मध्ये त्याच गावी स्त्रियांनी ह्या स्पर्धेविरुद्ध जी निदर्शने केली ती सर्वस्वी सकारण होती. तथापि संस्थेच्या इतिहासाला दुसरीही बाजू आहे. १९४५ मध्ये बेस मायर्सन ह्या पहिल्या यहुदी विजेत्या ठरल्या, आणि हिटलरच्या छळछावण्यांची वृत्ते ताजी असताना त्यांनी आपल्या देशातील वंशद्वेषाविरुद्ध गावोगाव भाषणे केली. हेच गृहस्थवर्गाचे करमणुकीचे साधन पुढे विजेतीकडून सार्वजनिक कार्याची अपेक्षा करू लागले. १९८९ पासून प्रत्येक स्पर्धक स्त्रीने एखादा सामाजिक विषय हाती घ्यावा असा दंडक पडला आणि २०१८ मध्ये पोहण्याच्या पोशाखातील फेरीही रद्द झाली. डिसेंबर २०१९ मध्ये निवडल्या गेलेल्या कॅमिल श्रायर ह्यांनी तर कलागुणांच्या फेरीत गाणे वा नृत्य न करता रसायनशास्त्राचा प्रयोग करून दाखविला होता. तेव्हा स्टँकीबाईंनी मंचावर विज्ञान आणले ह्यात नवल करण्यासारखे काही नाही. ज्या विषयाचे त्या रीतसर अध्ययन करीत होत्या त्याच विषयावर त्या बोलल्या. सार्वजनिक व्यासपीठांवरून ज्या विषयांचे अक्षरही ठाऊक नाही त्यांवर तासन् तास बोलणाऱ्यांची आपल्याकडे वाण नसताना, ह्या मुलीलाच तिची पात्रता विचारावी, हा न्याय नव्हे.

परंतु सौंदर्य आणि अणू ह्यांची सांगड आजची नाही, आणि ती जिथून सुरू झाली तिथला इतिहास हर्षभरित झालेल्या दुसऱ्या पक्षाने अवश्य आठवावा. १ जुलै १९४६ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटांवर अणुबाँबची चाचणी घेतली. चारच दिवसांनी पॅरिसमधील लुई रेआर ह्या कल्पक गृहस्थाने पोहण्याचा एक तोकडा पोशाख बाजारात आणला व त्याला त्या बेटांचे नाव दिले. ज्या बेटकऱ्यांना चाचणीसाठी घरदार सोडावे लागले त्यांचे स्मरण कोणास राहिले नाही. पोशाखाचे नाव मात्र जगाच्या जिभेवर रुळले. पुढे नेवाडा राज्याच्या वाळवंटात जमिनीवर अणुस्फोट होऊ लागले. जवळच्या लास व्हेगास शहराने त्यांचाही उत्सव मांडला. १९५७ च्या मे महिन्यात तेथील एका नर्तिकेचे छायाचित्र काढण्यात आले. तिच्या अंगावर स्फोटातून उठणाऱ्या अळंबीच्या आकाराच्या ढगाची कापसाची प्रतिकृती चिकटविली होती, दोन्ही बाहू उंचावून ती खळखळून हसत होती. ‘मिस अॅटॉमिक बाँब’ ह्या नावाने ते चित्र आजही विकले जाते.

त्या हास्याच्या पाठीमागे काय चालले होते? वाऱ्याच्या दिशेने नेवाडा आणि युटा राज्यांतील खेड्यांवर किरणोत्सर्गी राख पडत होती, आणि धोका नसल्याची ग्वाही सरकारचा अणुशक्ती आयोग पत्रके वाटून देत होता. पुढे त्या प्रदेशातील कर्करोगग्रस्त कुटुंबांनी वर्षानुवर्षे न्यायालयांचे उंबरठे झिजविले. अखेर १९९० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून त्यांना, तसेच युरेनियमच्या खाणींत राबलेल्या कामगारांना, नुकसानभरपाई देऊ केली आणि त्या कायद्यात राष्ट्राच्या वतीने क्षमायाचनाही केली. अणुशक्तीविषयी सामान्य माणसाच्या मनात जो संशय आहे त्याचे मूळ येथे आहे. तो संशय अज्ञानातून उपजला नाही. सरकारने एकदा ठामपणे सांगितलेली गोष्ट खोटी निघाली, ह्या अनुभवातून तो उपजला आहे. स्टँकीबाई आणि लास व्हेगासची ती नर्तिका ह्यांना एका पंक्तीस बसविण्याचा आमचा मुळीच उद्देश नाही. एकीला अणूविषयी काही ठाऊक असण्याची कोणी अपेक्षाच केली नव्हती, दुसरी त्याच विद्येची विद्यार्थिनी आहे. पासष्ट वर्षांत स्त्रीच्या स्थानात पडलेला हा फरक स्वागतार्हच होय. फरक पडला नाही तो चेहऱ्याच्या मोहिनीवर विसंबणाऱ्यांच्या वृत्तीत.

आता स्टँकीबाईंच्या म्हणण्याकडे वळू. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, वीज हवी, ती चोवीस तास हवी आणि तिच्यापायी पृथ्वीचे वातावरण तापता कामा नये, ह्या तिन्ही अटी एकदम पाळावयाच्या तर अणुशक्तीला वगळून चालणार नाही. हा युक्तिवाद वजनदार आहे. हवामानबदलाच्या अभ्यासासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१४ मध्ये जो ताळेबंद मांडला त्यानुसार, बांधकामापासून इंधनापर्यंतचा सारा हिशेब धरला असता, कोळशाच्या एका युनिटमागे सुमारे ८२० ग्रॅम कर्बवायू हवेत जातो. अणुविजेच्या बाबतीत हाच आकडा १२ ग्रॅमच्या आसपास आहे. तो पवनविजेच्या तोडीचा व सौरविजेहून कमीच आहे. कोळशाच्या धुराने दरवर्षी जगात असंख्य माणसे मरतात. परंतु ती एकेक करून, आपापल्या घरी, खोकत मरतात आणि त्यांची बातमी होत नाही. उलट २८ मार्च १९७९ चा थ्री माइल आयलंडचा अपघात, २६ एप्रिल १९८६ चा चेर्नोबिलचा आणि ११ मार्च २०११ चा फुकुशिमाचा, ह्यांच्या तारखाही लोकांना पाठ आहेत. ह्या तिघांची जातकुळी एक नव्हे. चेर्नोबिलने माणसे मारली आणि मोठा मुलूख ओसाड केला. थ्री माइल आयलंडमध्ये भट्टीचा गाभा वितळूनही बाहेर पसरलेला किरणोत्सार अल्प होता. भीतीच्या बाजारात मात्र तिन्हींची किंमत एकच धरली जाते, ही स्टँकीबाईंची तक्रार रास्त आहे.

त्यांच्या स्वतःच्या राज्याचेच उदाहरण पाहावे. विस्कॉन्सिनमध्ये १९८३ मध्ये असा कायदा झाला की, वापरलेल्या अणुइंधनाची कायमची सोय लागल्यावाचून नवी अणुभट्टी उभारू द्यावयाची नाही. तो ३३ वर्षांनी, २०१६ मध्ये रद्द करण्यात आला. दरम्यान २०१३ मध्ये मिशिगन सरोवराच्या काठचे किवॉनी येथील केंद्र बंद पडले. त्याला कोणता अपघात झाला नव्हता. स्वस्त नैसर्गिक वायूपुढे त्याची वीज महाग पडू लागली एवढेच. थ्री माइल आयलंडवरील धडधाकट असलेली पहिली भट्टीही २०१९ मध्ये ह्याच कारणाने थांबविली गेली. आता विदागारांच्या अवाढव्य भुकेमुळे वारे फिरले आहे. तीच भट्टी पुन्हा पेटविण्याचा आणि तिची वीज मायक्रोसॉफ्ट कंपनीला वीस वर्षे पुरविण्याचा करार सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झाला. कॅलिफोर्नियातील डायाब्लो कॅन्यनचे केंद्र बंद होणार हे ठरलेले असताना तेथील विधिमंडळाने २०२२ मध्ये त्याचे आयुष्य २०३० पर्यंत वाढविले; ते चालू राहावे म्हणून आंदोलन करणाऱ्यांत इझाबेल बोमेके ही ब्राझीलमध्ये जन्मलेली मॉडेल अग्रभागी होती. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत वीसहून अधिक राष्ट्रांनी अणुविजेची क्षमता २०५० पर्यंत तिप्पट करण्याचा संकल्प सोडला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जर्मनीने आपल्या अखेरच्या तीन भट्ट्या कायमच्या विझविल्या होत्या, हेही नमूद केले पाहिजे. तेव्हा एकाच काळात शहाणी राष्ट्रे दोन विरुद्ध दिशांना चालली आहेत, आणि ह्याचे कारण एक पक्ष अडाणी व दुसरा सुजाण हे असू शकत नाही.

अणुउद्योगाचा मोठा गैरसमज नेमका इथे आहे. लोकांना विषय समजला नाही म्हणून ते विरोध करतात. तो गोड भाषेत, तरुण तोंडातून, सोप्या दाखल्यांनी समजाविला की विरोध मावळेल, अशी त्याची श्रद्धा आहे. ही श्रद्धा सत्तर वर्षांची जुनी आहे. आयसेनहॉवर ह्यांनी डिसेंबर १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे शांततेसाठी अणू ही घोषणा केली. पुढच्याच वर्षी अमेरिकन अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्रॉस ह्यांनी असे भाकीत केले की पुढच्या पिढीला वीज इतकी स्वस्त मिळेल की ती मीटरने मोजण्याचेही कारण उरणार नाही. त्या पिढीची मुले आता पेन्शनीत निघाली, आणि मीटर जागच्या जागी फिरत आहे. जॉर्जिया राज्यातील व्होग्टल येथील दोन नव्या भट्ट्या २०२३ आणि २०२४ मध्ये सुरू झाल्या त्या ठरल्या मुदतीनंतर सुमारे सात वर्षांनी. आरंभी सुमारे १४ अब्ज डॉलर सांगितलेला खर्च ३० अब्जांच्या पार गेला. शेजारच्या साउथ कॅरोलायनात तर अशाच दोन भट्ट्यांचे काम सुमारे ९ अब्ज डॉलर खर्ची पडल्यावर २०१७ मध्ये अर्ध्यावर सोडून देण्यात आले, आणि जी वीज कधी आलीच नाही तिचा भार ग्राहकांच्या बिलांवर पडला. ज्या ग्राहकाने हे बिल भरले त्याला अणुविभाजनाची प्रक्रिया कितीही सुबोध करून सांगितली तरी त्याची शंका कशी फिटावी? त्याला भौतिकशास्त्र समजले नाही अशी त्याची तक्रारच नाही.

कचऱ्याचेही तेच. वापरलेले इंधन १९९८ पासून आपल्या ताब्यात घेण्याचे वचन अमेरिकन सरकारने कायद्याने दिले होते. त्यासाठी १९८७ मध्ये नेवाडातील युका पर्वताची निवड झाली. परंतु नेवाडाने, आपल्या पूर्वानुभवाला स्मरून, तीव्र विरोध केला आणि २०१० च्या सुमारास ती योजना बासनात गेली. आज सुमारे ९० हजार टन वापरलेले इंधन देशभरातील सत्तरांहून अधिक ठिकाणी पडून आहे. किवॉनीची भट्टी बंद पडली, पण तिचे इंधन सरोवराकाठी पोलादी पिंपांत तसेच आहे. तंत्रज्ञ सांगतात की ती पिंपे मजबूत आहेत व त्यांपासून कोणास इजा झालेली नाही. ते खरे आहे. परंतु प्रश्न पिंपाच्या मजबुतीचा नसून दिलेल्या शब्दाचा आहे. तशीच गोष्ट नावाहो जमातीच्या प्रदेशाची. त्यांच्या भूमीवर युरेनियमच्या पाचशेहून अधिक खाणी काम संपल्यावर उघड्या टाकल्या गेल्या. १९७९ च्या जुलै महिन्यात, थ्री माइल आयलंडनंतर अवघ्या काही महिन्यांनी, चर्च रॉक येथे किरणोत्सर्गी गाळाचा बंधारा फुटला आणि ते पाणी त्यांच्या नदीत शिरले. पहिल्या अपघाताची तारीख जगाला पाठ आहे, दुसऱ्याचे नावही बहुतेकांनी ऐकलेले नाही. स्वच्छ म्हणविणाऱ्या ऊर्जेची अस्वच्छ बाजू कोणाच्या वाट्यास येते हे ज्यांना विचारावेसे वाटते त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. त्यांना उत्तर देणे अवघड आहे.

स्टँकीबाई पदवी घेतल्यावर २०२४ मध्ये कॉन्स्टेलेशन कंपनीत अणुइंधन अभियंता म्हणून रुजू झाल्या. अमेरिकेतील सर्वांत अधिक अणुकेंद्रे चालविणारी कंपनी ती हीच. थ्री माइल आयलंडची ती भट्टी पुन्हा पेटवू पाहणारीही हीच. ह्यात गैर काही नाही. ज्या विद्येवर श्रद्धा आहे तिच्यातच उपजीविका शोधावी, ह्याहून प्रामाणिक मार्ग कोणता? मात्र त्यामुळे त्यांचे स्थान स्पष्ट होते. त्या वकील आहेत, न्यायाधीश नव्हेत. चांगल्या वकिलाची न्यायालयाला गरज असतेच. परंतु वकिलाच्याच भाषणावर निकाल लागू लागला तर ते न्यायालय उरत नाही. हा धडा अमेरिकेने स्वतःच एकदा गिरविला आहे. ज्या अणुशक्ती आयोगाने अणूचा प्रचार करावयाचा त्यानेच अणुकेंद्रांची तपासणीही करावयाची, अशी तेथे पूर्वी व्यवस्था होती. तीतून विश्वास उडत चालला तेव्हा १९७४ मध्ये कायदा करून तो आयोग मोडीत काढण्यात आला, प्रचार आणि विकास एकीकडे ठेवून नियमनासाठी वेगळा, स्वतंत्र आयोग नेमण्यात आला. लोकांचा विश्वास मुकुटातून अगर पत्रकांतून उत्पन्न होत नाही. तो तपासणाऱ्याच्या स्वातंत्र्यातून, उघड्या हिशेबातून आणि चूक झाल्यास भरपाईच्या खात्रीतून उत्पन्न होतो, ही गोष्ट त्या कायद्याने मान्य केली.

हे सर्व आम्ही अमेरिकेची उणीदुणी काढण्यासाठी लिहीत नाही. अणूशी आपला संबंधही त्या देशाइतकाच जुना नसला तरी बराच जुना आहे, आणि योगायोग असा की तोही एका सुंदरीच्या नावाने सुरू झाला. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे आशियातील पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली (सोव्हिएत रशिया वगळून), आणि पंडित नेहरूंनी तिला ‘अप्सरा’ हे नाव दिले. १९६९ मध्ये तारापूर येथे जी दोन अणुकेंद्रे वीज देऊ लागली ती अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारून दिलेली होती. पोखरणच्या १९७४ च्या स्फोटानंतर अमेरिकेने इंधनाविषयी हात आखडता घेतला तरी आपल्या तंत्रज्ञांनी ती चालू ठेवली, ह्याचा महाराष्ट्राला अभिमान वाटावा हे योग्यच आहे. पण त्याच तारापुरात पुढच्या दोन भट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवावी लागली आणि त्यांच्या पुनर्वसनाची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली, हेही विसरता येत नाही. जैतापूरची कथा सर्वांच्या स्मरणात आहे. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सच्या अरेवा कंपनीशी करार झाला. १६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या, म्हणजे एकूण ९९०० मेगावॉट वीज, एवढा तो प्रचंड प्रकल्प. १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार ठार झाला. करारानंतरची पंधरा वर्षे भट्टीविना गेली. माडबनचा बागाईतदार आणि साखरी नाट्याचा दर्यावर्दी ह्यांनी समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याविषयी, मासळीविषयी आणि अपघाताच्या जबाबदारीविषयी जे प्रश्न विचारले ते कोणत्याही शहाण्या माणसाने विचारावेत असेच होते.

आता डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेविषयीचा नवा कायदा संमत केला आहे. १९६२ चा मूळ कायदा व २०१० चा नुकसानभरपाईचा कायदा असे दोन्ही त्याने मागे सारले, आणि आजवर सरकारच्या हाती असलेल्या ह्या क्षेत्राचे दार खासगी कंपन्यांना उघडले. २०४७ पर्यंत अणुविजेची क्षमता १०० गिगावॉटपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट आहे. आजची क्षमता त्याच्या दहाव्या हिश्शालाही पोहोचलेली नाही. उद्दिष्ट थोर आहे, आणि कोळशावर जगणाऱ्या ह्या देशाला ते अगदीच अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. मुंबईच्या दिव्यांसाठी चंद्रपूरकराने किती दिवस राख गिळावी, हाही प्रश्न आहेच. अणुऊर्जा नियामक मंडळाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले ही ह्या कायद्याची जमेची बाजू. परंतु सदोष यंत्रसामग्रीमुळे अपघात झाल्यास ती पुरविणाऱ्याविरुद्ध दाद मागण्याची जी तरतूद भोपाळच्या स्मृतीने २०१० च्या कायद्यात घातली होती, ती नव्या कायद्यात तशी राहिलेली नाही. हे बरे की वाईट ह्याविषयी मतभेद असू शकेल. हा बदल ज्यांच्या परसात भट्टी येणार त्यांना, त्यांच्या भाषेत, समोर बसून सांगितला पाहिजे ह्याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही.

खासगी भांडवल आले की त्यापाठोपाठ जाहिरातही येईल. आपल्याकडेही उद्या एखादी लोकप्रिय नटी, एखादा क्रिकेटपटू किंवा एखादी विश्वसुंदरी पडद्यावर येऊन अणुविजेचे गुण गाईल. ते गाणारी व्यक्ती स्टँकीबाईंसारखी त्या विषयाची जाणकार असेल तर आम्ही तिचे आदराने ऐकू. परंतु त्या वेळी सुजाण नागरिकाने स्वतःशी चार प्रश्न विचारावेत. ह्या विजेचा खरा दर काय, आणि खर्च वाढला तर तो कोणाच्या माथी? वापरलेल्या इंधनाची सोय कोठे आणि कोणाच्या संमतीने? तपासणी करणारा अधिकारी चालकाला भट्टी थांबविण्याचा हुकूम खरोखर देऊ शकतो काय? आणि अपघात घडलाच तर साखरी नाट्याच्या कोळणीला भरपाई किती दिवसांत मिळेल? शहरातल्या वाचकाने हे प्रश्न स्वतःसाठी विचारले नाहीत तरी चालेल. भट्टी त्याच्या घराजवळ येणार नाही. दिवा त्याच्याकडे लागणार आणि भट्टी दुसऱ्याच्या गावी पेटणार असल्यामुळेच हे प्रश्न विचारण्याचे कर्तव्य त्याच्याकडे अधिक येते.

ज्या शासनाकडे ह्या चार प्रश्नांची चोख उत्तरे असतील त्याला सुंदर चेहऱ्याची जरूर भासणार नाही, आणि ज्याच्याकडे ती नसतील त्याला कोणताही चेहरा फार दिवस पुरणार नाही. ग्रेस स्टँकी ह्यांनी आपल्या मुकुटाचा उपयोग लोकांना विचार करावयास लावण्यासाठी केला, ही त्यांची कामगिरी लहान नव्हे. त्या विचाराचा शेवट कोठे व्हावा हे मात्र भट्टीशेजारी राहणाऱ्या माणसाच्या संमतीवाचून ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही. मुकुट धारण करणाऱ्याला नाही, तसा तो सत्ता धारण करणाऱ्यालाही नाही.